उजव्या कानाची गादी

६ जानेवारी, सोमवार

रेक्झिनवाल्या शेठने यंदाही डायरी दिली. दरवर्षी मी तिच्यात सीटची मापं लिहितो आणि होळीपर्यंत ती कुठल्या तरी गाडीच्या सीटखाली गडप होते. यंदा मापं दुकानातल्या पाटीवर लिहीन. डायरी घरी आणली, कारण घरात बोलायला कुणी नाही. काल टीव्हीवरच्या बाईला उलट उत्तर दिलं मी. हे काही बरं लक्षण नाही.

बिबवेवाडीत आमची जमीन होती, तिच्यावर बिल्डरने ही बिल्डिंग उभी केली आणि भावकीला वाट्याने फ्लॅट मिळाले. माझा तिसऱ्या मजल्यावर. खाली दुसऱ्यावर सुंदराबाई चुलती. माझं सीट कव्हरचं दुकान चौकात, तीस वर्षं झाली. बायकोला, वेणूला, जाऊन नऊ वर्षं झाली. निशा, आमची एकुलती एक, हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ऑक्टोबरपर्यंत घरीच राहायची, आठवड्यातून तीन दिवस घरूनच काम. आता तिकडे मैत्रिणींबरोबर राहते. दिवाळीच्या पाडव्याला तासभर आली होती, चहा पिऊन गेली.

का गेली? हेडफोनवरून. लिहूनच टाकतो. ऑक्टोबरात एका संध्याकाळी मी चार हाका मारल्या, जेवायला चल म्हणून. उत्तर नाही. पाचव्या हाकेला आत गेलो तर बाईसाहेब कानांवर मोठे काळे हेडफोन चढवून लॅपटॉपसमोर. मी ते ओढून काढले आणि बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, रागात माणूस बोलतो. आता तिची ऑफिसची मीटिंग चालू आहे आणि माईकही चालू आहे, हे मला काय स्वप्न पडलं होतं? तिकडे पंधरा जणांनी ऐकलं. त्या ओढाताणीत हेडफोनची एक गादी टरकन फाटली. रविवारी तिने बॅग भरली. हेडफोन इथेच टाकून गेली.

आज कपाटात सापडले. म्हटलं, हेच. वस्तू मोडली म्हणून राग आहे पोरीला. तिच्या पहिल्या पगाराचे होते ते. मोडले मी, तर नीट मीच करणार. आयुष्य गेलं फाटक्या सीटा शिवण्यात, ह्या तर दोन टीचभर गाद्या. पंधरा दिवसांत करतो आणि फोन करतो, ये, घेऊन जा म्हणून. आली की मग बघू कशी परत जाते.

९ जानेवारी, गुरुवार

वापरलेली सीट बघून मी मालक सांगतो. पाकीट मागच्या खिशात ठेवणारा, एका अंगावर रेलून चालवणारा, बायकोला कधीच पुढे न बसवणारा, सगळं सीटवर उमटतं. तसा आज निशाचा हेडफोन दिव्याखाली धरून बघितला.

रेक्झिनचे पापुद्रे सुटलेत, हात लावला की काळी भुकटी. दोन्ही गाद्या चेपून पापड झाल्यात. दिवसाचे दहा-दहा तास घालत असणार. दोन्हींच्या वरच्या अंगाला एकेक आडवी खाच पडली आहे. कंपनीने हलका फोम वापरला, दुसरं काय. आणि उजव्या वाटीच्या पाठीवरचा रंग तळहाताएवढा उडून गुळगुळीत झालाय. डावी वाटी नव्यासारखी. म्हणजे उजवी बाजू हाताने कानावर दाबून धरायची सवय. खाली रस्त्यावर दिवसभर हॉर्न, पोरगी तरी काय करणार. ह्या पुण्यात माणसाने कान घेऊन जन्माला येऊच नये.

अडचण एकच. गाडी दारात नसताना कव्हर शिवायचं नाही, हा माझा नियम. आणि इथे डोकंच हिंजवडीला. मग तिचं जुनं हेल्मेट काढलं. आतला स्पंज कुठे किती दबलाय त्यावरून कागदाचा फर्मा कापला. चेहरा अरुंद आहे, कानाखाली जबड्यामागे खोलगट. वेणूसारखाच.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

झाल्या गाद्या! छिद्रांचं रेक्झिन वापरलं, गाड्यांना लावतो तेच. सीटला वारा खेळता पाहिजे, घाम धरता कामा नये, हे मी गिऱ्हाइकाला पहिल्या दिवसापासून सांगत आलोय. आत स्पंज, वर दुहेरी शिलाई, कडेला लाल पायपिंग. वरातीतली गाडी दिसावी असा थाट.

फोनला जोडायला पाऊण तास गेला. मग ढोलकी लावली. बारीक चाट ऐकू येते, भारी धुम गायब. पत्र्याच्या डब्यावर कुणी टिचक्या मारतंय असं वाटलं. आवाज वाढवला तर टिचक्याच वाढल्या. फाटकी डावी जुनी गादी परत चढवून बघितली, तर तीही तसलीच भिकार. म्हणजे त्या दिवशी मी आतलंही काहीतरी मोडलं. हाताला काय झालं होतं माझ्या.

निशाने तिळगुळाचं चित्र पाठवलं. मी तीन मिनिटांचा निरोप बोलून पाठवला, टाइप करत बसायला मला वेळ नाही. अजून तिने ऐकलेला दिसत नाही. चुलतीने वर येऊन तिळाची वडी दिली. "पोरगी नाय आली व्हय सणाला?" म्हणाली. मी म्हणालो, काम आहे तिला. ती वडी ठेवून गेली.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज मैत्री मॅडम म्हणून एक गिऱ्हाईक आलं. इथेच पलीकडच्या गल्लीत राहते, तिशीतली. गाडीच्या सीटा दाखवायला आली आणि टेबलावरचा हेडफोन बघून तिथेच थांबली.

"काका, ह्या गाद्या कुणी केल्या?"

"मीच. का हो?"

"छिद्रांचं का घेतलंत?"

"घाम येत नाही."

"घाम येत नाही आणि बेसही येत नाही, बरोबर?"

मी गारच झालो. तिला कसं कळलं? तिचं काम म्हणे हेच. घरी बसून लोकांनी वाचून रेकॉर्ड केलेल्या गोष्टी साफ करायच्या. वाचणाऱ्याचा श्वास, घोट गिळल्याचा आवाज, मागे ओरडणारा कावळा, सगळं काढून टाकायचं. दिवसभर कानांवर असलीच वाटी.

तिने नव्या रेक्झिनच्या गठ्ठ्यावरचं प्लास्टिक फाडलं, गादीच्या भोवती गच्च गुंडाळलं, मधलं कानाचं भोक तेवढं मोकळं ठेवलं. "आता ऐका." ढोलकी लावली. धुम! मी दचकलो. छातीत लागली अशी धुम.

"हा बंद वाटीचा हेडफोन आहे, काका. कान आणि आतला स्पीकर यांच्यामध्ये हवा कोंडलेली राहिली तरच खालचा, भारी आवाज पोचतो. कुठेही फट राहिली की तो पहिला पळतो. तुमच्या छिद्रांतून पळत होता. जुनी गादी फाटलेली, ती तिकडून पळवत होती."

म्हणजे आतलं काही मोडलेलं नाही. नुसतं बसायला पाहिजे होतं घट्ट. तीस वर्षं मी वारा आत घ्यायला शिकलो, आणि इथे वारा अडवायचाय. मला इतका आनंद झाला की मॅडमना चहा पाजला. त्या म्हणाल्या, "काका, जरा हळू बोला, मी समोरच आहे." दुकानात कॉम्प्रेसर, बाहेर रिक्षा, माझा आवाज आहेच तसा.

२६ जानेवारी, रविवार

साध्या मऊ रेक्झिनच्या गाद्या केल्या. माझ्या डोक्यावर एक नंबर. धुमही आहे, चाटही आहे. लगेच मॅडमना बोलावलं.

त्यांनी घातला आणि तोंड वाकडं केलं. "माझ्याकडे नाही येत बेस. चष्मा आहे ना." त्यांनी गादी जराशी उचलून दाखवली. चष्म्याची काडी कानावरून मागे जाते तिथे गादी चढते आणि काडीच्या पुढेमागे बारीक फट राहते. तेवढी फटही पुरते म्हणे. चष्मा काढला की आवाज परत जागेवर.

मग त्यांनी विचारलं, "मुलीला चष्मा आहे का?"

मी म्हणालो, "नाही."

संध्याकाळी जुन्या गाद्या केरात टाकायला घेतल्या आणि त्या आडव्या खाचा परत दिसल्या. एका रेषेत, दोन्हीकडे सारख्या. फोम हलका नव्हता. काडीची खाच होती ती. निशाला नऊ वर्षं चष्मा आहे. वेणू गेली त्याच वर्षी लागला, बारावीत. मीच घेऊन गेलो होतो तिला दुकानात, तपकिरी फ्रेम घेतली होती.

रोज समोर बसून जेवायची. आणि मी नाही म्हणालो. मॅडमना काय वाटलं असेल ते जाऊ दे, मला स्वतःचीच शरम वाटली. जेवण गेलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

धीर धरवला नाही. चष्म्याचं जमायच्या आतच गाद्यांचा फोटो काढून निशाला पाठवला. दोन तासांनी उत्तर आलं. लिहून ठेवतो, जसंच्या तसं.

"छान दिसतंय पप्पा. पण मी ऑक्टोबरमध्येच नवीन घेतले. उगाच त्रास घेऊ नका."

३ फेब्रुवारी, सोमवार

दुकान उघडलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

नवीन घेतले तर घेतले. कंपनीची गादी वर्षभरात पापुद्रे सोडणार, लिहून देतो. तेव्हा घरच्या गादीची आठवण येईलच. शिवाय अर्धं काम सोडून द्यायचं हे माझ्या रक्तात नाही. गिऱ्हाईक पळून गेलं तरी घेतलेली सीट मी पुरी करतो.

खरं सांगायचं तर संध्याकाळी सातनंतर हातांना काहीतरी लागतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जमलं! आज खरंच जमलं.

ह्या वेळी दाबला की सावकाश फुगणारा फोम आणला, उशांचा असतो तो. काडी जाते तिथे आतून पन्हाळीसारखा कोरला, म्हणजे वरचं रेक्झिन काडीभोवती आपोआप बसतं. जबड्यामागच्या खोलगट जागेसाठी खालच्या मागच्या अंगाला जाडी वाढवली. सगळीकडे वाढवली नाही, ते करून बघितलं होतं. स्पीकर कानापासून लांब गेला आणि गाणं शेजारच्यांकडे लागल्यासारखं वाटायला लागलं. शिवण पूर्वी मी बाहेर घ्यायचो, दिसायला छान म्हणून. आता आत घेतली, टाक्यांतूनही हवा जायला नको. लाल पायपिंग काढून टाकली. दिसायला अगदी गरीब दिसतात गाद्या.

मॅडम चष्म्यासकट घालून बसल्या. धुम आली. मग म्हणाल्या, "आता बाहेरचं किती आत येतं ते बघू. तुम्ही बोला." मी हाताच्या अंतरावर उभं राहून बोललो. त्यांनी बारीक गाणं लावलं होतं. त्या नुसत्या बघत राहिल्या. मी आवाज चढवला. घरात जसा चढवतो तसा. काही नाही. शेवटी मी ओरडलो, जेवायला चल, किती हाका मारायच्या! समोरचा पानवाला वळून बघायला लागला. मॅडमनी वाटी उचलली आणि विचारलं, "काही म्हणालात का?"

काय सांगू, मी टाळ्या वाजवल्या. माझा आवाज आत गेला नाही! जो चौकापलीकडे जातो तो दोन बोटं जाडीच्या गादीने अडवला!

घरी येताना चुलतीच्या दारात थांबून तिला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती. तिने विचारलं, "म्हंजी तू वरडलास तरी आतल्याला कळत नाय?"

"अजिबात नाही."

"मग वेणूला का नाय करून दिलंस एक?"

म्हातारीला काय बोलावं. वय झालंय, जिभेला हाड नाही. मी वर निघून आलो. कुणाला चांगलं बघवतच नाही ह्या बिल्डिंगमध्ये.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून चुलतीचं वाक्य डोक्यात कुरकुरतंय. ते घालवायला म्हणून गाद्यांची शेवटची परीक्षा निशाच्या खोलीत घ्यायची ठरवली, तिच्या टेबलाशी, तिच्या खुर्चीत बसून. खाली रस्ता ऐन भरात होता. हेडफोन घातला, गाणं लावलं आणि ती करायची तशी उजवी वाटी तळहाताने दाबून धरली. तिच्या हाताने घासलेली जागा माझ्या हाताखाली बरोबर आली.

रस्त्याची खिडकी डावीकडे आहे.

मी दोनदा बघितलं. खुर्ची तीच, टेबल तेच, भिंतीला लावलेलं, दुसरीकडे तोंड करून बसताच येत नाही. हॉर्न, रिक्षा, भाजीवाला, सगळं डाव्या कानाला. उजवीकडे खोलीचं दार. दारातून सरळ हॉल. हॉलमध्ये टीव्ही आणि टीव्हीसमोर माझी खुर्ची.

बाकी उजवीकडे काहीही नाही. मी उठून नीट तपासलं, एखादा पंखा, एखादा पंप, काही सापडावं म्हणून. काही नाही.

एका जागी इतका रंग जायला हात किती वेळा ठेवावा लागतो, हे मला कुणी सांगायला नको, माझा धंदाच आहे तो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ऑक्टोबरात काय बोललो ते आज लिहितो.

हेडफोन ओढून काढला आणि म्हणालो, "कान फुटले का तुझे? तुझ्या आईने आयुष्यभर अबोला धरून मला छळलं, आता तू धर. तुम्ही दोघी मला जिता मारणार." हे पंधरा जणांनी ऐकलं. निशाने हात लांब करून लॅपटॉप मिटला.

आणि वेणूचा अबोला. तो काही भांडणाचा नव्हता. मी घरात शिरलो की ती हातातलं काम उचलून स्वयंपाकघरात जायची आणि दार ओढून घ्यायची, पुरतं लावायची नाही, नुसतं ओढून घ्यायची. मला वाटायचं फोडणीचा वास बाहेर येऊ नये म्हणून. वीस वर्षं मला तसं वाटत होतं. पोरगी ते बघतच मोठी झाली. मी मारलं कधी नाही कुणाला, दारू नाही, काही नाही. नुसता आवाज. त्यात काय एवढं, असं मी म्हणायचो.

चुलतीला सगळं माहीत होतं. सगळ्या बिल्डिंगला माहीत असणार, माझा आवाज आहेच तसा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

निशाला आजवर पाठवलेले बोलके निरोप मोजले नाहीत, पण वर वर सरकवत गेलो. एकही ऐकलेला नाही. पूर्वी ह्याचा राग आला असता. आज एका बोटाने टाइप केलं: रविवारी येऊ का. अर्धा तास.

दहा मिनिटांत उत्तर आलं: या. चारला.

२३ फेब्रुवारी, रविवार

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी घालायची माझी छाती नाही, म्हणून स्वारगेटहून बस धरली. रविवार असून दोन तास. हेडफोन जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर.

पाचव्या मजल्यावर फ्लॅट. तीन मुली. वाशिमकडची ऋतुजा म्हणून एक आहे, ती शेंगदाण्याची चटणी मिक्सरला लावत होती. दुसरी टीव्हीसमोर, फोनवर कुणाशी तरी हसत होती. खाली रस्ता फोडायचं काम चाललेलं, भिंत हादरत होती. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध निशा टेबलाशी बसून लॅपटॉपवर काम करत होती. कानांवर काही नाही. मधूनच वळून ऋतुजाला म्हणाली, "तिखट कमी टाक गं, पप्पांना चालत नाही."

मी टॉवेल सोडला. तिने हेडफोन घेतला, गाद्या दाबून बघितल्या, चष्म्यासकट घातला. मी गप्प उभा राहिलो. तिने काहीतरी लावलं, डोळे मिटले. मिनिटभर ऐकलं असेल.

"कसल्या भारी बसल्यात, पप्पा. चष्मा अजिबात टोचत नाही."

"बेस?"

"आहे ना. नव्यापेक्षा चांगला." तिने काढून मांडीवर ठेवला.

मी विचारलं, "नवे दिसत नाहीत ते कुठे?"

"ऑफिसात असतात, ड्रॉवरमध्ये. मीटिंगपुरते लागतात."

"आणि इथे? एवढ्या गोंगाटात काम कसं करतेस?"

"इथे नाही लागत," ती म्हणाली. "ह्या आवाजाचा काही त्रास नाही होत मला."

मला लागावं म्हणून म्हणाली नाही ती. सहज तोंडातून गेलं तिच्या. मग आपण काय म्हणालो ते तिलाच कळलं आणि ती माझ्या टॉवेलाच्या घड्या घालायला लागली. एवढासा टॉवेल, चार वेळा घातली घडी. मी चटणी छान झाली म्हणालो. अजून खाल्लीही नव्हती.

निघताना ती बसथांब्यापर्यंत आली. मी सगळ्या वाटेने मनात जुळवत होतो आणि तोंड उघडेना. शेवटी म्हणालो. पण माझा आवाज इतका खाली गेला की माझा मलाच ऐकू आला नाही.

"काय?" ती जवळ सरकली. "मोठ्याने बोला ना पप्पा, ऐकू नाही आलं."

सत्तावन्न वर्षांत मला कुणी मोठ्याने बोल म्हटलेलं आठवत नाही. मग बोललो. "माझं चुकलं म्हणालो! त्या दिवशीचं तर चुकलंच, पण सगळ्या वर्षांचं चुकलं. तुझ्या आईच्या बाबतीत पण चुकलं." वडापावच्या गाडीवरचे दोघं-तिघं बघायला लागले. बघू देत. वाईट बोललेलं पंधरा जणांनी ऐकलं होतं, हेही ऐकू दे चार जणांनी.

निशा खाली बघत होती. चष्मा काढून ओढणीने पुसला, परत घातला. मग म्हणाली, "पप्पा, मी परत राहायला नाही येणार."

"नको येऊस," मी म्हणालो. रागाने नाही. तिचे तिथले उघडे कान बघितल्यावर, ये म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

"तुम्ही जेवता ना नीट?"

"जेवतो."

बस आली. हेडफोन तिच्याकडेच राहिला. घातला नाही घातला, तिची वस्तू आहे. मी खिडकीशी बसलो. बस हलली तेव्हा ती खालून काहीतरी म्हणाली, तीन-चार शब्द असतील. काच अडकलेली, इंजिनाचा आवाज, खाली ड्रिल चाललेलं, काही कळलं नाही. एरवी मी अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं "काय?" म्हणून ओरडलो असतो. आज तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मान हलवली.

काय म्हणाली ते विचारायला फोन करणार नाही. तिला वाटलं तर सांगेल. नाही वाटलं तर ते तिच्यापाशी राहील.